भिकनची घागर

अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी सुरतेतल्या लिंबायतमधली निम्मी लूमची खाती, म्हणजे यंत्रमागांचे कारखाने, बंद असतात. मालकाने कितीही डोकं आपटलं तरी खानदेशी कारागीर त्या दिवशी मशीनला हात लावत नाही. जमलं तर गावी जातो. नाही जमलं तर आपल्या दहा बाय दहाच्या खोलीतच पाण्याची घागर भरतो, मेलेल्या माणसांची नावं मोठ्याने घेतो आणि त्यांना जेवायला बोलावतो. सत्त्याण्णव सालच्या अखाजीला वाल्मिक मात्र गावीही गेला नाही आणि खोलीतही थांबला नाही. सकाळच्या पहिल्या एस.टी.ने तो बायकोला, म्हणजे सरस्वतीला, आणि धाकट्या भावाच्या बायकोला, म्हणजे ताराला घेऊन मांडवीच्या पुढच्या डोंगराकडे निघाला. ताराच्या मांडीवर नवी कोरी लाल घागर होती, आणि गाडी खड्ड्यात गेली की ती दोन्ही हातांनी घागर उचलून धरत होती.

घागर भिकनसाठी होती. भिकन वाल्मिकचा धाकटा भाऊ आणि ताराचा नवरा. आणि तो मेला की जिवंत आहे, हेच कोणाला माहीत नव्हतं.

चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची बातमी फुटली आणि दोन दिवसांत अर्धं लिंबायत रिकामं झालं. जो तो मिळेल त्या गाडीला लोंबकळून पळाला. त्या पळापळीत भिकन नाहीसा झाला. तारा तेव्हा नंदुरबारला माहेरी, आजारी आईजवळ होती. महिन्याभराने लोक परत आले, खाती सुरू झाली, तारा परत आली, पण भिकन आला नाही. पहिल्या अखाजीला घागर भरायचा विषय निघाला तेव्हा ताराने घर डोक्यावर घेतलं. दुसऱ्या अखाजीला ती नुसती उठून बाहेर गेली. आता तिसरी अखाजी. दरम्यान चलथाणच्या साखर कारखान्यातल्या दत्तूचा दोनदा निरोप आला होता. बायको वारलेला, निर्व्यसनी, शांत माणूस. पाट लावायला तयार होता, पण त्याचं एकच म्हणणं होतं, की आधी घागर भरा. ज्याची घागर भरलेली नाही, त्याच्या बायकोशी मी संसार मांडणार नाही. ताराचं वय पंचवीस. बॉबिन भरायच्या मशीनवर दहा-दहा तास उभी राहून तिचे पाय आताच सुजायला लागले होते.

या डोंगराचा पत्ता बन्सीलाल नावाच्या ट्रक ड्रायव्हरने दिला. दिवाळीत चहाच्या टपरीवर तो प्लेगच्या गोष्टी सांगत बसला होता. त्या दिवसांत त्याने एका तापलेल्या कारागिराला ट्रकमध्ये घेतलं होतं. त्या पोराला नंदुरबार गाठायचं होतं. पण तो खोकायला लागला तसा ट्रकमधल्या लोकांनी आरडाओरडा केला आणि त्याला वाटेतच, एका ओढ्यापाशी उतरवलं. पाणी प्यायला म्हणून तो ओढ्याच्या कडेने वर चढत गेला, एवढं बन्सीलालने पाहिलं. उजव्या भुवईवर धोट्याचा वण होता, म्हणाला. मशीनमधून निसटलेला धोटा भिकनला लागला तेव्हा वाल्मिकच त्याला टाके घालायला घेऊन गेला होता. चाळीतल्या जाणत्या मारुतीआप्पांनी मग निकाल दिला: ज्याला आपल्या हाताने अग्नी दिला नाही, त्याची घागर नळाच्या पाण्याने भरू नये. तो शेवटचा जिथे गेला, तिथलं पाणी भरा.

इथवर सगळं सगळ्यांना ठाऊक होतं. यापुढचं एकट्या वाल्मिकला ठाऊक होतं.

लूमच्या खात्यात शंभर मशीन एकदम चालतात तेव्हा कानात तोंड घालून ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून तिथे कोणी आवाजाने बोलतच नाही. माणसं नुसते ओठ हलवतात, आणि चार मशीन पलीकडचा माणूस ते ओठ वाचतो. वाचून झालं की तेच शब्द तो आपल्या ओठांनी परत म्हणतो, म्हणजे सांगणाऱ्याला कळतं की निरोप पोचला. दहा-बारा वर्षांत ही सवय अशी अंगात मुरते की कारागीर बाजारात, लग्नात, अंत्ययात्रेतसुद्धा असं बोलतात, आणि बायका म्हणतात यांची खलबतं चालली आहेत.

त्या दिवशी वाल्मिक बायको-पोरांना घेऊन टेम्पोत चढला होता. टेम्पोत पाय ठेवायला जागा नव्हती. तेवढ्यात भिकन गल्लीच्या पलीकडच्या कडेला येऊन उभा राहिला. डोळे लाल, अंगात बंडी, वर घोंगडी. टेम्पोतल्या कोणीतरी विचारलं, "हा कोणाचा? तुमच्यातला आहे का?" ताप आलेला माणूस चढला असता तर लोकांनी सगळ्यांनाच खाली ओढलं असतं. सरस्वती दोन पोरांना कवटाळून आत बसली होती, तिला बाहेरचं दिसत नव्हतं. वाल्मिकने मान नाही म्हणून हलवली. आणि मग भावाकडे बघून, आवाज न करता, ओठांनी म्हणाला, "वळख दखाडू नको. निंघ." ओळख दाखवू नकोस, निघ इथून. भिकनने शिस्तीत तेच शब्द आपल्या ओठांवर परत म्हटले, तोंड फिरवलं आणि तो चालू लागला.

वाल्मिक माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर त्याला झोप लागली असती. अडीच वर्षं त्याने ताराला घरात ठेवलं, सख्ख्या बहिणीसारखं वागवलं, तिच्या ताटात आधी वाढायला सांगितलं. फक्त ती एक गोष्ट सांगितली नाही. घागर भरली की तारा सुटेल आणि आपणही सुटू, असा त्याचा हिशेब होता.

ओढ्याच्या तोंडाशी चार झोपड्यांचा पाडा होता. एक म्हातारी अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. सरस्वतीने तिथेच बसकण मारली. "माझा गुडघा आता देवाने बोलावलं तरी वर चढायचा नाही," ती म्हणाली. "तुम्ही दोघं जा, भरून आणा. मी इथे सावलीत बसते." आणि म्हातारीला तिने आपल्या मोडक्यातोडक्या गुजरातीत विचारलं, की वर वाट बरी आहे ना, कोणी असतं का.

"पेलो मूंगो छे," म्हातारी म्हणाली. तो मुका आहे की. "तिसऱ्या धबधब्यापाशी. उन्हाळ्यात पाणी कमी झालं की दिसतो. होठ हलावे, पण अवाज नथी."

सरस्वतीने कपाळाला हात लावून "बिचारा" म्हटलं. पण ताराने वाल्मिककडे पाहिलं, आणि वाल्मिकने खाली पाहिलं. ओठ हलवून आवाज न करणारा माणूस म्हातारीला मुका वाटणारच. लिंबायतच्या माणसाला तो मुका वाटत नाही.

ताराने पदर खोचला, घागर कमरेवर घेतली आणि वाल्मिकच्या पुढे चढायला लागली. एरवी ती जेठाच्या, म्हणजे थोरल्या दिराच्या, पुढे कधी चालली नव्हती.

वैशाखाचं ऊन होतं. सागाची पानं गळून वाटेवर पडली होती आणि पायाखाली पापडासारखी मोडत होती. ओढा मात्र जिवंत होता. दगडांच्या बेचक्यांतून पाणी बारीक धारेने खाली येत होतं आणि दर शंभर-दीडशे पावलांवर छोट्या डोहात साठत होतं. पहिला धबधबा कमरेएवढा, पोरांनी खेळावं असा. वाल्मिक म्हणाला, "इथलंच पाणी भरू. ओढा तोच, पाणीही तेच." तारा थांबलीसुद्धा नाही.

दुसरा धबधबा पुरुषभर उंचीचा होता. त्याच्या बाजूने दगड धरून, हातापायांवर चढावं लागलं. ताराने घागर वर ठेवली, मग स्वतः चढली. इथे वाल्मिकच्या एक गोष्ट लक्षात आली. वर जावं तसं पाणी कमी होत होतं आणि आवाज वाढत होता. खाली ओंजळभर रुंद धार होती तेव्हा पाखरंही ऐकू येत होती. इथे धार मनगटाएवढी उरली होती, आणि तरी तारा वळून काहीतरी म्हणाली ते त्याला ऐकू आलं नाही. कान तर त्याचे आधीच अधू होते. पण हे अधू कानांचं काम नव्हतं. आवाज दगडातून तळपायात चढत होता, एका लयीत, ठाक-ठूक, ठाक-ठूक. तो ती लय ओळखत होता. वीस वर्षं त्या लयीवर पोट भरलं होतं त्याने. या रानात लूम कुठून येणार, असं त्याने स्वतःला बजावलं आणि घाम पुसला.

तारा परत वळली आणि या वेळी तिने, बॉबिनच्या मशीनवर शिकली होती तसे, नुसते ओठ हलवले. "चाला, दादा." तिलाही तो आवाज येत होता तर.

तिला थांबवावं, खोटं काही सांगून खाली न्यावं, असं वाल्मिकच्या मनात दहा वेळा आलं. भिकन वर जिवंत सापडला तर? सापडावा, असंही त्याला मनापासून वाटत होतं. धाकटा भाऊ होता तो, वाल्मिकनेच त्याला बोट धरून गावाहून खात्यात आणला होता. पण सापडला तर तो बोलेल, आणि तारा ते ओठ वाचेल. भाऊ जिवंत असावा अशीही इच्छा आणि नसावा अशीही. दोन्ही एकाच माणसाच्या पोटात होत्या आणि त्याची त्याला भयंकर लाज वाटत होती.

तिसऱ्या धबधब्यापाशी ओढा तिन्ही बाजूंनी काळ्या खडकात कोंडला होता. समोर खडकाची कपार, कपारीवरून दोन हात रुंद पाण्याचा पातळ पडदा, आणि खाली अंगणाएवढा डोह. आवाज इतका, की छातीत धडधडत होतं. इतक्याशा पाण्याचा इतका आवाज होऊच शकत नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं आणि एक पाखरू नव्हतं.

पडद्याच्या मागे, कपारीत, भिकन बसला होता.

ताराच्या हातातून घागर सुटणार होती, ती तिने गुडघ्यावर झेलली. वाल्मिक जिथे होता तिथेच खाली बसला. भिकन तोच होता, भुवईवरचा वण तोच, अंगावरची बंडी तीच. केसांत कापसाची रुई होती, खात्यातून सुटलेल्या माणसाच्या केसांत असते तशी, भुरभुरीत. अडीच वर्षं झाली होती, समोर पाणी कोसळत होतं, आणि ती रुई कोरडी होती.

भिकनने त्यांच्याकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले. मग त्याने तोंड खडकाकडे फिरवलं. थोड्या वेळाने परत पाहिलं, ओठ हलवले आणि परत तोंड फिरवलं. पुन्हा तेच. ना घाई, ना राग. एखादं काम सांगितलंय आणि तो ते करतोय, असं.

ताराने वाचलं. वाचून तिचा चेहरा पडला. तिने वाल्मिकच्या समोर येऊन, ओठांनी, एक-एक शब्द सुटा करून विचारलं.

"वळख दखाडू नको, निंघ, असं सांगी ऱ्हायना. कोणले, दादा? माले?"

इथे वाल्मिकला काहीच करायचं नव्हतं. नुसती मान हलवायची होती. नवऱ्यानेच मला विसर, जा, असं सांगितलं म्हटल्यावर ताराने घागर भरली असती, खाली उतरली असती आणि महिन्याभरात चलथाणला नांदायला गेली असती. वाल्मिकचं गुपित या डोहात बुडालं असतं. बरं, ताराचं वाईट झालं असतं असंही नाही. फक्त नवऱ्याने आपल्याला टाकलं, हे तिने जन्मभर छातीवर वागवलं असतं. टाकणारा दुसराच होता.

वाल्मिकने तिच्या डोळ्यांत पाहिलं. त्या डोळ्यांत आता पाणी यायला लागलं होतं, आणि ते त्याला बघवेना.

"तुले नही, तारा," तो म्हणाला. आवाज असून उपयोग नव्हता, म्हणून ओठांनीच. "ते मन्हं बोलनं शे." ते बोलणं माझं आहे.

आणि मग त्याने सगळं सांगितलं. टेम्पो, ताप, लोकांचा प्रश्न, आपली हललेली मान. ज्या भाषेत ते पाप केलं होतं त्याच भाषेत त्याने ते कबूल केलं, एकही शब्द आवाजाने न बोलता. निरोप पोचला म्हणून भिकनने ते शब्द परत म्हटले होते, हेही सांगितलं. सांगताना तो लहान पोरासारखा रडत होता आणि त्याचं रडणंही ऐकू येत नव्हतं.

 आपल्याला ती मारेल असं वाल्मिकला वाटलं, आणि मारलं असतं तर बरं वाटलं असतं. पण तिचे फक्त ओठ हलले.

"अडीच वरीस मी त्याले शिव्या दिध्यात. न सांगता निंघी गया म्हनीसन. आनि तो आठे बशीसन अजून तुमनंच ऐकी ऱ्हायना." तो इथे बसून अजून तुमचंच ऐकतोय.

तिने पदराने तोंड पुसलं आणि कपारीकडे बोट केलं.

"बोलावा त्याले. तुमीन धाडं, तुमीनच बोलावा."

वाल्मिक उठून डोहाच्या काठाशी गेला.  हा आपला भाऊ आहे, आपण याला अंगाखांद्यावर खेळवलं आहे, असं तो मनाशी म्हणत राहिला, तरी अंगावरचा काटा जात नव्हता. भिकनने नेहमीप्रमाणे मान वळवून पाहिलं. त्याचे ओठ हलायच्या आत वाल्मिकने आपले हलवले.

"ये, भिकन. ये, भाऊ."

भिकन थांबला. त्याने ते शब्द आपल्या ओठांवर सावकाश परत म्हटले. ये, भिकन. ये, भाऊ. मग तो उठला आणि पाण्याच्या पडद्यातून बाहेर आला. पडदा कुठे फाटला नाही. तो डोहात उतरला, कमरेएवढ्या पाण्यातून चालत आला, आणि पाण्यावर एक तरंग उठला नाही. ताराने ते पाहिलं आणि तोंडावर हात घेतला. अडीच वर्षं जी गोष्ट तिने कोणाला बोलू दिली नव्हती, ती आता तिला कोणी सांगायची गरज उरली नाही.

वाल्मिकपासून दोन हातांवर भिकन उभा राहिला. इतक्या जवळून त्याच्या अंगाचा गारवा लागत होता, उन्हाळ्यात माठाजवळ बसल्यावर लागतो तसा. त्याने भावाच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं,

"आते घर येऊ का, दादा?"

वाल्मिकला हो म्हणायचं होतं.  त्याने होकाराची मान हलवली, आणि पुन्हा हलवली, आणि हलवतच राहिला. भिकनच्या चेहऱ्यावर हसू आलं. ताराकडे वळून त्याने तिला डोळे भरून पाहिलं. ती पुढे झाली नाही, मागेही सरली नाही.

मग तिने घागर डोहात बुडवली. पाणी भरताना घागरीचा डुबुक डुबुक आवाज झाला आणि तो दोघांनाही स्पष्ट ऐकू आला, कारण बाकी सगळं थांबलं होतं. ठाक-ठूक नव्हतं. आता फक्त बारीक धार पडत होती, तिच्याच मापाच्या आवाजात.

भरल्या घागरीवर नाव घ्यायचं असतं, आणि ते मोठ्याने. नवऱ्याचं नाव बायको घेत नाही. हे काम वाल्मिकचं होतं. त्याने दोनदा नाव घेतलं, पण नुसत्या ओठांनी.   मग ताराने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि लग्नानंतर पहिल्यांदा, खणखणीत आवाजात, ते नाव घेतलं.

"भिकन! घागर भरी शे. जेवाले ये."

खडकांनी ते नाव दोनदा परत दिलं. त्या एका हाकेने ती त्याची बायको राहिली नव्हती. हे तिलाही कळलं, वाल्मिकलाही कळलं. तिने हुंदका दाबला नाही, मोकळेपणी रडून घेतलं, आणि रडणं संपल्यावर घागर डोक्यावर चढवली. वाल्मिकने मदतीला हात पुढे केला, तो तिने घेतला नाही.

"चलथाणले निरोप धाडा," ती म्हणाली. "मी तयार शे. पन तुमना घर आते मी ऱ्हावाव नही."

वाल्मिकच्या घरी ती आता राहणार नव्हती. डोहाच्या काठावर आता कोणी दिसत नव्हतं. पण माठाजवळचा तो गारवा अजून वाल्मिकच्या उजव्या दंडाला लागत होता.

तारा उतरू लागली. वाट अरुंद होती, एका वेळी एकच माणूस जाईल अशी. वाल्मिक लगेच निघाला नाही. त्याने तिला चार पावलं पुढे जाऊ दिलं, मग वाटेच्या कडेला सरकून, रिकाम्या काठाकडे वळून हाताने "चल" अशी खूण केली, आणि थोडा वेळ थांबून त्यांच्या मागून चालायला लागला. खाली पाड्यापर्यंत त्याने ताराच्या आणि आपल्या मध्ये एका माणसाची जागा सोडली होती.